मागच्या भिंतीसाठी तीन फूट जागा मिळण्याबाबत

दिनांक : १२ मे २०२५

प्रति,
मा. जिल्हा पंचायत अधिकारी साहेब,
आदिलाबाद.

अर्जदार : सौ. वृषाली प्रितम मुनेश्वर, शिक्षिका (भौतिकशास्त्र), राहणार तांबडझरी, जिल्हा आदिलाबाद.

विषय : राहत्या घरामागे एक खोली वाढवताना मागील हद्दीपासून सोडायच्या अंतरात तीन फुटांची सवलत मिळावी, आणि त्याऐवजी मागितलेले हमीपत्र रद्द व्हावे, याबाबत.

संदर्भ : १) ग्रामपंचायत तांबडझरी येथे दिलेला माझा पहिला अर्ज, नोव्हेंबर २०२४. २) जागेचा मुआयना (पाहणी), जानेवारी २०२५. ३) माझा दुसरा अर्ज, फेब्रुवारी २०२५. ४) पंचायत सचिवांचे पत्र, मार्च २०२५.

महोदय,

१. हा अर्ज मी मराठीत लिहीत आहे. तेलुगू अनुवाद सोबत जोडला आहे. ग्रामपंचायतीला दिलेले आधीचे दोन्ही अर्ज मी टायपिस्टकडून तेलुगूत करून घेतले होते. दुसऱ्या अर्जातला मुख्य मजकूर ऐकल्यावर त्यांनी हात थांबवले, "हे असलं सरकारी कागदात नसते लिहीत, मॅडम," म्हणाले, आणि त्या जागी "काही कौटुंबिक कारणास्तव" एवढेच घातले. मीही त्या वेळी तशीच सही केली. त्या शब्दांतून कोणालाच काही कळले नाही, आणि ते साहजिक आहे. म्हणून या वेळी सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आहे. आपल्या कार्यालयात मराठी वाचणारे कर्मचारी आहेत, असे समजले.

२. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. रस्त्याकडे बैठकीची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर. राहणारे आम्ही चौघे : मी, माझे पती प्रितम (आदिलाबादला एका खाजगी कार्यालयात लिपिक), आमची मुलगी रुपा (चौथीत शिकते), आणि माझ्या सासूबाई रुक्माबाई. गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. बोलता येते, पण एकेक शब्द जुळवत. त्यांची खाट बैठकीत ठेवावी लागली, कारण स्वयंपाकघराच्या दारातून ती वळत नाही. रस्त्यावरचे दार उघडले की समोर त्याच दिसतात. त्यांना स्वच्छ करताना आम्ही चादर धरतो; एकाने धरायची, एकाने पुसायचे. चौकशीला आलेले लोक चादर खाली येईपर्यंत दारात उभे राहतात. सासूबाईंनी उभा जन्म लोकांच्या कपाशीत निंदण केले. वावरात पाणी पितानासुद्धा त्या पुरुषमाणसांकडे पाठ करत. आता चादर धरली की त्या डोळे मिटून घेतात. बाकी काही त्यांच्या हातात राहिलेले नाही.

त्यांच्या पाठीला, कमरेच्या वर, दोन जखमा झाल्या आहेत. मोठी जखम हाडापर्यंत जाईल अशी भीती डॉक्टरांनी सांगितली आहे. त्यांना वारंवार कुशीवर वळवायला मोकळी जागा हवी, शेजारीच न्हाणी व संडास हवा, आणि आरपार हवा हवी. आहे त्या दोन खोल्यांत यांतले काहीच करता येत नाही. वर मजला चढवणे शक्य नाही. भिंती मातीच्या जुडाईच्या आहेत, वरचे वजन पेलणार नाहीत, आणि सासूबाईंना पायऱ्या चढवून कोण नेणार? म्हणून मागे एक खोली काढायचे ठरले. या अर्जातला सगळा भाग त्या एका खोलीचा आहे. मी मध्ये इतर गोष्टी लिहिणार आहे. त्या खोलीच्याच आहेत, हे कृपया ध्यानात ठेवावे.

३. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून हद्दीपर्यंत चौदा फूट मोकळी जागा आहे. पंचायत सचिवांनी सांगितलेल्या नियमाप्रमाणे मागे पाच फूट सोडायचे. म्हणजे नव्या खोलीची बाहेरची भिंत नवव्या फुटावर येते. पहिल्या अर्जात मी हीच मापे दिली होती. कोणतीही सवलत मागितली नव्हती.

आमच्याकडची माती काळी आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. हिच्यावर उथळ पाया घातला की दोन वर्षांत भिंत तडकते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत, आमच्या जागेत सुमारे पाच फूट, खाली न्यावाच लागतो. या पाच फुटांमुळेच पुढचे सर्व घडले.

४. जानेवारीत सचिव मुआयन्याला आले. सोबत चंपत मिस्त्री होते; ते आमच्या गावचेच, खोलीचे काम त्यांना द्यायचे ठरले होते. सचिव तरुण आहेत, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. माझी त्यांच्याविषयी व्यक्तिगत तक्रार नाही. सासूबाईंना मागे काय चालले आहे ते पाहायचे होते, म्हणून प्रितमने त्यांना खुर्चीत बसवून मागच्या दारात आणले होते.

मागच्या अंगणात आमची उघडी न्हाणी आहे : तीन बाजूंनी पत्रे, खाली एक सपाट दगड. टेपचा नववा फूट त्या दगडावर आला. चंपत मिस्त्रींनी खुंटी ठोकायला दगडाची कड उकरायला घेतली आणि सचिवांनी टेप हलू नये म्हणून दगडावर पाय दिला. तेव्हा सासूबाई बोलू लागल्या. मी वर म्हटले तसे, त्यांना वाक्य जुळवायला वेळ लागतो. सचिव म्हणाले, "बोलो अम्मा, क्या है?" सासूबाईंचे शब्द मी जसेच्या तसे देते :

"साहेब... पाय... पाय नोका देऊ तेथं. तेथं... माही नात हाय."

वाक्य पूर्ण होईपर्यंत सचिवांचा पाय दगडावरच होता. त्यांना मराठी कमी समजते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला मराठी समजते, पण ही गोष्ट मीही त्याच क्षणी प्रथम ऐकत होते. चंपत मिस्त्रींना मात्र लगेच कळले. त्यांनी हातातली लोखंडी सब्बल खाली ठेवली, चपला काढल्या आणि मागे सरकले. मग त्यांनीच हिंदीतून सचिवांना समजावले.

५. सप्टेंबर २०१३ मध्ये, आठव्या महिन्यात, माझी पहिली मुलगी सरकारी दवाखान्यात मृत जन्मली. मला सलाईन लावलेले होते; उठता येत नव्हते. परिचारिकेने तिचे वजन केले. तो डायलचा काटा होता आणि सुई थरथरत होती. ती स्थिर होईपर्यंत परिचारिका थांबली, मग आकडा लिहिला : एक किलो नऊशे ग्रॅम. पलंगावरून मला सुई दिसत होती. सासूबाई बाळाला लुगड्यात गुंडाळून गावी घेऊन गेल्या. मी घरी आल्यावर त्यांनी सांगितले, नाल्याकाठी, जिथे आमच्या समाजाची दफनाची जागा आहे तिथे, बाभळीखाली ठेवले. मी पुढे अनेक वर्षे त्या बाभळीपाशी जात असे. ती जागा चुकीची होती.

आमच्या भागात जुन्या पिढीतल्या बाया दात न आलेले किंवा जन्मतःच गेलेले मूल गावाबाहेर नेत नसत. घराच्या न्हाणीखाली ठेवत. आईच्या अंघोळीचे पाणी त्याच्यावरून वाहिले की मूल त्याच कुशीत परत येते, अशी समजूत. आमचे कुटुंब बौद्ध आहे. या समजुतीला आमच्या धम्मात जागा नाही. मी बी.एस्सी. केले आहे आणि मुलांना विज्ञान शिकवते. मीही ती मानत नाही. परंतु मुआयन्याच्या दिवशी मला कळले की अकरा वर्षे मी माझ्या मुलीवर उभी राहून अंघोळ करत होते.

यावरून घरात जे बोलणे झाले त्याच्याशी आपल्या कार्यालयाचा संबंध नाही. एवढेच नोंदवते की घरात नळ आल्यावरही सासूबाई मला बाहेरच्या दगडावरच अंघोळ करायला लावत, आणि मला तो त्यांचा जुना हट्ट वाटत असे. मी त्यांना विचारले, मला का सांगितले नाही. त्या म्हणाल्या : "सांगतलं असतं त तू त्या दगडावर पाय ठेवला असता काय? तू पाय नाही ठेवला त पानी कसं पडन? अन पानी नाही पडलं त लेकरू कसं येईन?" या युक्तिवादात मला चूक सापडली नाही. गृहीतक चुकीचे आहे. त्यानंतरची पायरी बरोबर आहे.

६. चंपत मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले ते विसार परत द्यायला. "बाई, पस्तीस वर्सं झाले कुदळ मारून राह्यलो, कोठंच नाही म्हटलं नाही. पण तेथं नाही मारत. दुसऱ्या कोनाले सांगा," असे म्हणाले. दुसरे कोणी तयार नाही. मी तीन गावांत विचारले.

तेव्हा मी दुसरा अर्ज दिला. बाहेरची भिंत नवव्या फुटाऐवजी बाराव्या फुटावर घेऊ द्यावी, एवढीच मागणी होती. तसे केले तर पायाचा चर त्या दगडापासून तीन फूट लांबून जातो. दगड खोलीच्या आत येतो, त्याच्यावर नुसता भराव आणि फरशी पडते. तिथली माती हलवावी लागत नाही. नकाशावर मी ते मापून दाखवले. भिंत नवव्या फुटावरच ठेवून, दोन्ही बाजूंना खांब घेऊन वरून तुळई टाकता येईल, हाही पर्याय दिला. त्यावर सचिव तोंडी म्हणाले की साध्या खोलीला तुळई कशासाठी, याचे कारण फायलीत लिहावे लागेल. आणि कारण लिहिले की प्रकरण पुन्हा तिथेच येते.

७. मार्चमध्ये सचिवांचे पत्र आले. त्याचा मराठी भावार्थ असा :

(अ) सवलत हवी असल्यास सबळ कारण व त्याचा पुरावा द्यावा. जागेत दफन असल्याचा पुरावा म्हणजे मृत्यूचा दाखला व दफनाची परवानगी.

(आ) असा पुरावा दिल्यास, राहत्या जागेत दफन करणे नियमात बसत नसल्याने, अवशेष पंचनामा करून दफनभूमीत हलवल्याशिवाय कोणत्याही बांधकामाला परवानगी देता येणार नाही.

(इ) पुरावा न दिल्यास सवलतीला कारण उरत नाही.

मी दाखल्यासाठी चौकशी केली. मृत जन्मलेल्या मुलाचा मृत्यूचा दाखला निघत नाही, कारण मरण्यासाठी आधी जन्मलेले असावे लागते, असे मला खिडकीवर सांगण्यात आले. म्हणजे (अ) मला पूर्ण करता येत नाही. आणि तो पूर्ण झालाच, तर (आ) लागू होऊन मला तेच करावे लागेल जे टाळण्यासाठी मी (अ) कडे गेले होते. अवशेष हलवायलाही दाखला लागतो, हे सचिवांनी नंतर सांगितले. मी हे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. त्याच्यातून बाहेर पडणारी वाट मला दिसली नाही. आपल्याला दिसली तर कृपया कळवावी.

८. पत्राची गोष्ट एप्रिलच्या ग्रामसभेत आली. आमच्या मागच्या जागेचे मालक उद्धवराव यांनी आक्षेप घेतला की भिंत तीन फूट मागे आली तर दफनाची जागा त्यांच्या गोठ्याजवळ येईल. वास्तविक जागा आहे तिथेच राहते, भिंत सरकते; पण ते त्यांनी ऐकून घेतले नाही. सर्वांसमोर म्हणाले, "मास्तरीणबाई, शाळेत लेकरायले इज्ञान शिकवता अन घरी मोरीत मसण ठेवता?" लोक हसले. मागून कोणी बाई बोलली, "बसा खाली उद्धवराव. तुमच्या घरी काय सारेच जगले काय?" त्यानंतर कोणी हसले नाही. सभा हातपंपाच्या विषयाकडे गेली.

पुढच्या पंधरवड्यात गावातल्या काही बाया वेगवेगळ्या दुपारी माझ्याकडे आल्या. कोणी विरजण मागायला, कोणी लेकराचा दाखला वाचून घ्यायला. जाताना उंबऱ्यात थांबून प्रत्येकीने सांगितले. एकीचे जात्याखाली आहे. एकीची न्हाणी मोडून तिथे आता कोंबड्यांचा खुराडा आहे, ती रोज खुराड्यात पाणी ओतते आणि घरचे तिला येडी म्हणतात. एकीची दोन आहेत. एक म्हणाली, "तुमी अर्ज देला म्हून सांगतो बाई. नाही त सासू मेल्यावर हे मालूम असणारी मी एकटीच होती." त्यांतल्या काही आमच्यासारख्या बौद्ध घरातल्या आहेत, काही शेतकरी घरांतल्या. मी कोणाचेही नाव देणार नाही. कोणाचे घर माझ्या घराला लागून आहे, तेही सांगणार नाही. ही बाब मी पुरावा म्हणून देत नाही. सचिवांनी मला एकदा सांगितले होते की तुम्हाला सवलत दिली तर उद्या गावातले सगळे तेच मागतील. त्यांचा अंदाज चुकीचा नाही, एवढेच मला सांगायचे आहे. पण त्या कोणी मागणार नाहीत. मीही मागितले नसते, जर पाया पाच फूट खाली न्यावा लागला नसता.

९. ग्रामसभेनंतर सचिव पुन्हा घरी आले. त्यांना हे प्रकरण मिटवायचे होते, आणि चांगल्या हेतूने. त्यांनी सासूबाईंच्या खाटेजवळ बसून हिंदीत विचारले, "अम्मा, सच में कुछ है वहाँ?" सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केले आणि म्हणाल्या, "काई नाही साहेब. म्हातारी झाली मी. भरमली होती. खोदा तुमी." सचिवांनी लगेच पिशवीतून टाइप केलेले हमीपत्र काढले. त्यात एकच वाक्य आहे : "सदर जागेत कोणतेही मानवी शव अथवा अवशेष पुरलेले नाहीत व कधीही पुरलेले नव्हते." खाली माझी सही. सही केली की त्याच आठवड्यात परवानगी, नवव्या फुटावर. मला म्हणाले, "मॅडम, आप तो साइन्स पढ़ी हैं। एक लाइन लिख दीजिए, कुछ नहीं है। बात खतम।"

मी विचार करायला वेळ मागितला. ते गेल्यावर सासूबाईंना विचारले, खरे काय. त्या म्हणाल्या, "खरं तेच हाय जे आंधी सांगतलं. पण तू कोठवर भांडशीन? तुही बी पाठ दुखते, मी पाह्यतो ना." असे म्हणून त्यांनी डाव्या हाताने माझा हात चाचपला. त्या हमीपत्राला कबूल झाल्या त्या स्वतःच्या खोलीसाठी नाही. त्यांनी तर मला सांगून ठेवले आहे की खोली नकोच, आहे तिथेच मरू द्या. मला मोकळे करायला त्या खोटे बोलल्या.

१०. माझे पती हमीपत्राच्या बाजूने आहेत, हे मी लपवत नाही. ते म्हणाले, "मेलेल्यापायी जित्तीले सडवतं काय? मायची पाठ पाह्य एकदा उजेडात." मी रोज पाहते. जखम धुणारी मीच आहे. त्यांचे म्हणणे चूक आहे असे मी म्हणत नाही. ते हे बोलले आणि मग न्हाणीकडे जाऊन बराच वेळ उभे राहिले. तीही त्यांची मुलगी होती. त्यानंतरही आम्ही चादर धरतो आणि पुसतो.

११. मी या प्रश्नाचा माझ्या परीने पद्धतशीर विचार केला. तो आपल्यासमोर ठेवते.

पहिला मार्ग रसायनाचा. इथली माती चुनखडीची आहे. अशा मातीत हाडे टिकू शकतात. पण आठ महिन्यांच्या बाळाची हाडे कोवळी असतात. अकरा वर्षे साबणाचे पाणी, दर पावसाळ्यात फुगणे, दर उन्हाळ्यात आकसणे. डोळ्यांना दिसेल असे बहुधा काही उरले नसावे. "बहुधा" हा शब्द मी विचार करून वापरते.

दुसरा मार्ग सासूबाईंच्या समजुतीचा. मूल परत आले की खालची जागा रिकामी होते. रुपा २०१५ मध्ये झाली. सासूबाई तिला लहानपणापासून "आली वं माही बाई वापस" म्हणून जवळ घेत. आम्हाला ते लाडाचे बोलणे वाटे. म्हणजे त्यांच्या हिशेबानेही तिथे आता कोणी नाही. मुआयन्याच्या दिवशी रुपा घरीच होती. तिने मला विचारले, "आई, मी दोनदा आली काय?" मी म्हटले, नाही, तू एकदाच आलीस. ती म्हणाली, "मंग ते कोण हाय?" आता उन्हाने दगडाच्या कडेने भेग पडली आहे. रुपाने ती ओल्या मातीने बुजवली. तिला कोणी सांगितले नव्हते. भेग पुन्हा पडते आणि ती पुन्हा बुजवते.

तिसरा मार्ग नियमाचा. जी जन्मली नाही ती मेली नाही, आणि जी मेली नाही ती पुरलेली असू शकत नाही.

तिन्ही मार्गांनी उत्तर शून्य येते. वर्गात एखाद्याने एकच उत्तर तीन रीतींनी काढून दाखवले तर मी त्याला पूर्ण गुण देते. तरीही मी हमीपत्रावर सही करू शकले नाही. मी पेन उघडून बसले होते. "कधीही पुरलेले नव्हते" असे त्यात आहे. पुरले होते. त्याचे वजन एक किलो नऊशे ग्रॅम होते, आणि ते सुई स्थिर झाल्यावर नोंदवले गेले होते. वस्तुमान नाहीसे होत नाही, हे मी दर वर्षी आठवीला शिकवते. ते माती होईल, पाणी होईल, भेगेतून वर येईल, पण ते कधी नव्हतेच असे होत नाही. हे वाक्य मी वर्गात म्हणत आले आणि त्याच्यावर उभी राहून रोज अंघोळ करत आले. आता त्याच्या उलट सही केली तर जूनमध्ये फळ्यासमोर मी काय सांगू, हे मला कळत नाही.

१२. मृगाचा पाऊस लागला की काळ्या मातीत खोदकाम होत नाही, आणि मग दिवाळीपर्यंत थांबावे लागेल. सासूबाईंची जखम तोवर थांबणार नाही. म्हणून माझी विनंती आहे :

(अ) बाहेरची भिंत बाराव्या फुटावर घेण्याची सवलत मिळावी. उद्धवरावांच्या हद्दीपर्यंत दोन फूट तरीही मोकळे राहतात. हे शक्य नसल्यास तुळईचा पर्याय मंजूर व्हावा. कारणाच्या रकान्यात जे खरे आहे ते लिहावे. त्याची मला लाज नाही.

(आ) हमीपत्र मागू नये. ते हमीपत्र, सही न करता, परत पाठवत आहे.

(इ) वरील दोन्ही मान्य होत नसतील, तर मी नवव्या फुटावरचा चर खोदायला तयार आहे. मिस्त्री मिळणार नाही, म्हणून त्या दगडाखालचा भाग मी स्वतः खोदीन. शाळेला सुट्टी आहे. कुदळ वापरणार नाही; खुरप्याने थर काढीन आणि प्रत्येक थराची माती चाळणीने चाळीन. जे सापडेल ते नाल्याकाठी बाभळीखाली नेऊन ठेवू. तिथे मी पूर्वी जात असे, वाट माहीत आहे. त्या वेळी सासूबाईंना खुर्चीत बसवून मागच्या दारात आणू. त्यांना तेवढा हक्क आहे.

मात्र त्या दिवशी आपल्या कार्यालयाचा एक जबाबदार कर्मचारी उपस्थित असावा, आणि पंचनामा त्याने लिहावा. काही मिळाले तर काय मिळाले ते लिहावे. काहीच मिळाले नाही, आणि तशी शक्यता जास्त आहे, तर "काही आढळले नाही" असे लिहावे. "काही नव्हते" असे लिहू नये. पहिले निरीक्षण आहे. दुसरा निष्कर्ष आहे, आणि तो काढण्याइतका पुरावा कोणाकडेच नाही. सहावीच्या मुलांनासुद्धा हा फरक समजतो. पंचनामा वाचून दाखवल्यावर हा एक शब्द बरोबर असेल तर मी खाली सही करीन, त्याच दिवशी पाया भरायला घेईन, आणि पुन्हा आपल्याला त्रास देणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहत असलेली,

(सही)
वृषाली प्रितम मुनेश्वर
तांबडझरी, जिल्हा आदिलाबाद

रुक्माबाई मोतीराम मुनेश्वर यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. (वरील मजकूर त्यांना पूर्ण वाचून दाखवला. परिच्छेद नऊ त्यांनी पुन्हा वाचायला लावला, आणि "राहू दे तसंच" म्हणाल्या.)

सोबत :
१. अर्जाचा तेलुगू अनुवाद. यात काहीही गाळलेले नाही.
२. जागेचा नकाशा, प्रमाणासह. दगडाची जागा पेन्सिलीने दाखवली आहे.
३. सासूबाईंच्या जखमेबाबत डॉक्टरांचा कागद.
४. पंचायत सचिवांच्या पत्राची नक्कल.
५. हमीपत्र, सहीविना.
६. सप्टेंबर २०१३ च्या दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स. त्यावर "वृषाली यांचे स्त्री अपत्य, मृत" आणि वजन लिहिलेले आहे. मूळ कागद मी पडताळणीसाठी घेऊन येईन आणि समोर दाखवीन. तो जमा करता येणार नाही. तिचा दुसरा कागद नाही.